गायरानातले चालते चौकोन

शिरूर कासार, १२ फेब्रुवारी

चि. आदिनाथ,

सर्वप्रथम एका अन्यायाची नोंद घे. इथल्या पोस्टातला डिंक वाळला आहे. बाटली आहे, बाटलीत ब्रश आहे, पण डिंकाच्या जागी एक पिवळा खडा बसला आहे आणि ब्रश त्यात असा रुतला आहे की ब्रश धरून अख्खी बाटली उचलता येते. मी तक्रार केली. खिडकीतल्या माणसाने "थोडं पाणी टाका, बाई" असा तांत्रिक सल्ला दिला. पाणी टाकलं, ताटकळत उभी राहिले, मागे रांग वाढली, खडा जागचा हलला नाही. पंचवीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाईवर डब्यातल्या भाताच्या शितांनी पाकीट चिकटवायची वेळ यावी, यावर खरं तर चौकशी समिती बसायला हवी. हे पाकीट मी त्याच पद्धतीने चिकटवणार आहे. आत मुंगी निघाली तर ती आत्याकडून भेट समज.

समितीने दोषी शोधायचा म्हटला तर तो हैदराबादेत सापडेल. चार वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी मोहिनीला उंबरा ओलांडू देणार नाही म्हणून सांगितलं आणि तू त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस. माझाही. मी त्या भांडणात नव्हतेच. मी शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते आणि तिथेही मला कुणी विचारत नव्हतं. पण सुक्याबरोबर ओलं जळतं. चालायचंच.

आता कामाचं. विठ्ठलरावांनी तहसिलीत एक अर्ज दिला आहे. (सख्ख्या भावाला मी हल्ली असंच म्हणते. त्यांचं पॅनल निवडून आल्यापासून 'दादा' हा शब्द त्यांना आखूड होतो.) अर्जात लिहिलंय की हिवरदरीच्या गायरानात धुळाजी आणि त्याच्या भाऊबंदांनी अतिक्रमण करून बागायती पिकं घेतली आहेत. पुरावा म्हणून आभाळातून काढलेला फोटो जोडला आहे. बीडच्या एका खासगी मोजणीवाल्याने तो कुठून तरी उतरवून, रंगीत छापून दिला. गेल्या वर्षीच्या चैत्रातला. वहिनी गेल्यापासून त्या घरची चूल माझ्याकडे आहे, त्यामुळे हा फोटो मला आमटी वाढता वाढता बघावा लागला.

फोटोत आपलं गायरान करपलेल्या भाकरीसारखं दिसतं. आणि त्या करपलेल्या भाकरीवर, नाल्यापासून वर टेकडीपर्यंत, एकाशेजारी एक हिरवे चौकोन. असे रेखीव की मलाही क्षणभर शंका आली. विठ्ठलरावांना शंका वगैरे येत नाही. ज्याने जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरला, त्याला सरळ रेघ दिसली की अतिक्रमणच दिसतं.

धुळाजी तुझे सासरे आहेत हे मी तुला सांगायला नको. विठ्ठलरावांना मात्र ते आपले व्याही आहेत हे कुणीतरी सांगायला हवं.

गंमत पुढे आहे. एक कंपनी गावात येऊन गेली. तिला सोलरच्या पाट्या मांडायला गायरान पाहिजे, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे की ही जमीन ओसाड असून कुणाच्या वापरात नाही. तो ठरावही तयार आहे. म्हणजे एकाच जमिनीवर, एकाच सहीने, एका कागदात बागायत आहे आणि दुसऱ्यात वाळवंट. पाडव्यानंतर ग्रामसभा आहे. ठराव झाला तर धुळाजीच्या मेंढ्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मी त्यांना विचारलं, मग काय करणार. म्हणाले, "मेंढरं इकायची अन् कोयता घ्यायचा." या वयात त्या दोघा नवरा-बायकोने कारखान्यावर ऊस तोडायला जायचं.

तू आभाळातून जमीन बघायचा पगार घेतोस. नोकरी लागली तेव्हा तूच मला सांगितलं होतंस की तुमचा उपग्रह दर पाच दिवसांनी हिवरदरीवरून जातो. आपली एसटी एवढी नेमाने येत नाही. तर मला एवढंच सांग: ते चौकोन काय आहेत? राग तसाच राहू दे, तो मी मागत नाही.

मोहिनीला आणि चिमुकल्या संस्कृतीला आशीर्वाद.

तुझी आत्या,
जानकी


हिवरदरी, २६ फेब्रुवारी

चि. आदिनाथ,

तुझं उत्तर नाही. मुंगी चावली की काय?

दरम्यान इथे अवकाळी झाला. तासभर गारा, मग नुसतंच शिंतोडं. हरभऱ्याचं नुकसान झालं, आंब्याचा मोहर गळाला आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी गायरानाकडे नजर ठेवून होते. आठवडा झाला आणि मी, धुळाजी आणि तुझ्या सासूबाई साखराबाई असे तिघे तो फोटो घेऊन वर गेलो.

खाली उभं राहिलं की चौकोन दिसत नाही बरं का. इथे थोडं हिरवं, तिथे थोडं, बाकी खडक आणि तुसं. आम्ही तिघेही बुचकळ्यात. धुळाजी तर मनातून घाबरलेले. त्यांना वाटत होतं खरंच कुणीतरी गुपचूप काहीतरी पेरून गेलं आणि नाव आपलं घेतलं. ते प्रत्येक हिरव्या ठिकाणी वाकून बघत होते की ज्वारी आहे का गहू. होतं नुसतं गवत. मारवेल, पवन्या, मध्ये कुठे तरवड. पण घोट्याएवढं दाट, आणि त्याच्या एक पाऊल पलीकडे काही नाही.

मग मी ठेचाळले. गवतात एक लाकडी खुंटी होती, अर्धी वाळवीने खाल्लेली. धुळाजींनी ती उपटून हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, ही वाघरीची खुंटी हाय. दोन सालामागं हितं वाघर लावली व्हती आमी."

वाघर तुला माहीत असेलच, तू जावई आहेस. संध्याकाळी मेंढ्या कोंडायचं ते सुताचं जाळं. चार कोपऱ्यांना खुंट्या, मध्ये कळप. दोन-तीन रात्री एका जागी बसवायचा, मग जाळं उचलून पुढे लावायचं. रात्रभर मेंढ्या बसतात, लेंड्या टाकतात, मुततात, त्यांच्या पोटातून आलेलं गवताचं बी तिथेच पडतं. वर्ष उलटतं. अवकाळीचे चार थेंब पडले की उरलेला माळ जागचा हलत नाही आणि वाघरीएवढा तुकडा तेवढा हिरवा होतो. तिघांच्याही डोक्यात हे एकदमच शिरलं. साखराबाईंना असं हसू फुटलं की त्या खडकावर बसल्या.

"आवं, ही तर आमच्या मेंढरांची हागणदारी! अन् सरकार वरून तिचा फोटू काढायलंय व्हय?"

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आपला मोबाइल काढून मला संस्कृती दाखवली. तुझ्या घरची माहिती माझ्या भावाच्या ताटाशी येत नाही, पण मेंढ्यांच्या वाघरीशी रोज येते. पोरगी गोड आहे. हट्टी दिसते. ते कुणाकडून आलं यावर मी काही बोलणार नाही.

घरी आल्यावर मी विठ्ठलरावांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "औंदा गवत हाय. गेल्या साली पीक व्हतं. काढून नेलं." विहीर नाही, मोटार नाही, वीज नाही, तर पाणी कुठून दिलं म्हणून विचारलं. म्हणाले, "तेच तर चौकशीत निघंल."

तेव्हा या वर्षीचं गवत दाखवून भागणार नाही. तुझ्याकडे आधीच्या वर्षांचे चैत्र असतील. उपग्रहाने ते काढून ठेवले असतील, त्याला काय काम आहे दुसरं. पाठव. दोन ओळी लिहायच्या नसतील तर नको लिहूस. नुसते चैत्र पाठव.

जानकीआत्या


शिरूर कासार, ११ मार्च

आदिनाथ,

पाकीट मिळालं. जाड, कडक, सरकारी रंगाचं, आणि पत्र शून्य. 'ती. आत्यास' एवढंही नाही. हरकत नाही. माझ्या वर्गात पंचवीस वर्षं पोरं कोरे पेपर देत आली आहेत, मला सवय आहे. पण एवढा सुंदर कोरा पेपर मी पहिल्यांदाच बघितला.

शाळा सुटल्यावर मी ते पाचही फोटो वर्गातल्या बाकावर ओळीने मांडले. पाच वर्षं, चार चैत्र आणि यंदाचा फाल्गुन, एकच गायरान. पहिल्या वर्षी नाल्याच्या काठाला चौकोनांची एक ओळ, बाकी सगळं तपकिरी. दुसऱ्या वर्षी ती ओळ तिथून उठून वर सरकलेली. तिसऱ्या वर्षी टेकडीच्या कुशीला. आदिनाथ, शेत चालत नाही रे. कोणताही माणूस जमीन बळकावतो तो ती धरून बसायला. दरवर्षी आपलं अतिक्रमण उचलून पुढच्या खडकावर नेणारा अतिक्रमणदार या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

आणि दुसरी गोष्ट मला उशिरा दिसली. मागे सोडलेले चौकोन विझत नाहीत. फिके होतात, कडा पसरतात, शेजारच्याला जाऊन मिळतात. पाचव्या फोटोत, म्हणजे अवकाळीनंतरच्या या वर्षीच्या फोटोत, नाल्याकडचा अर्धा माळ एकसंध हिरवा आहे. आजूबाजूला चार गावांची जमीन वाळून कोळ झालेली आणि मध्ये आपलं गायरान, जुन्या लुगड्यांची ठिगळं जोडलेल्या गोधडीसारखं. ओसाड म्हणे! मी एकटीच त्या बाकांमध्ये उभी राहून मोठ्याने हसले. शिपाई आत डोकावून गेला. उद्या शाळेत माझ्याविषयी काय बोललं जाणार ते मला ठाऊक आहे.

मग शेवटचा फोटो उचलला आणि मागे तुझं अक्षर दिसलं. पेन्सिलने, बारीक. 'आत्या, सगळ्यात गडद चौकोन गायरानात नाही. गट नंबर बघ.'

बघितला. आपल्या खालच्या शेताचा गट. ज्वारी अख्खी पिवळी पडलेली आणि मधोमध एक काळपट हिरवा चौकोन, वाघरीच्या मापाचा.

मी आपल्या सालगड्याला, तानाजीला, गोठ्यात गाठलं. आधी तो म्हणाला त्याला काही माहीत नाही. मग म्हणाला, त्याला सांगायला मनाई आहे. मग अर्थातच सगळं सांगितलं. गेल्या वर्षी ज्वारी पेरायच्या आधी विठ्ठलरावांनी त्याच्या हाती धुळाजींना निरोप पाठवला होता: दिवस मावळला की कळप खालच्या शेतात आणायचा, गाव उठायच्या आत काढायचा, कुणाजवळ बोलायचं नाही. तीन रात्री मेंढ्या बसल्या. ज्या माणसाला व्याही म्हणून दारात उभं केलं नाही, त्याच्या मेंढ्यांचं खत मात्र बिनबोभाट चाललं.

मी तशीच तडक धुळाजींकडे गेले. विचारलं, हे तुमी मला त्या दिवशी गायरानातच कावून सांगितलं न्हाई? तुमच्यावर बालंट आलंय, मेंढ्या विकायची वेळ आलीय, आणि तक्रार करणाऱ्याच्याच शेतात तुमचा पुरावा उगवलाय.

ते वाघरीची गाठ सोडवत होते. मान वर केली नाही.

"त्यांनी न्हाई सांगायचं म्हनलं व्हतं. आमी व्हय म्हनलो."

एवढंच. आता मला सांग, मी काय करू? माझ्या पिशवीत असा फोटो आहे की तो ग्रामसभेत दाखवला तर विठ्ठलराव गावात महिनाभर डोकं वर काढणार नाहीत. आणि माझी जीभ कशी आहे ते तुला माहीत आहे.

आत्या


पाडवा, दुपार

आदिनाथ,

घाईत लिहितेय. गुढी उभारली. विठ्ठलरावांनी तिच्याखाली उभं राहून कंपनीच्या माणसाशी फोनवर गप्पा मारल्या. सभा परवा आहे. तुझे फोटो फोनवर उतरवून शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर लावायचे, हे मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं. ग्रामसेवक म्हणाले, 'बाई, भावाविरुद्ध?' मी म्हटलं, ओसाडविरुद्ध.

पाचव्या फोटोचे मी कापून दोन तुकडे केले आहेत. एका तुकड्यात गायरान, दुसऱ्यात खालचं शेत. दुसरा तुकडा पिशवीत आहे. काढीन की नाही, मला खरंच माहीत नाही.

धुळाजींनी एका व्यापाऱ्याला मेंढ्या दाखवल्या, असं कानावर आलं. हे वाचून मोहिनीला सांगू नकोस.

आ.


हिवरदरी, २४ मार्च

चि. आदिनाथ आणि चि. सौ. मोहिनी,

जिंकलो.

हा शब्द मी मुद्दाम वेगळ्या ओळीवर लिहिला आहे. पंचवीस वर्षं पोरांना सांगत आले की परिच्छेद उगाच तोडू नये. आज तोडला.

आता क्रमाने सांगते. सभेला गर्दी अशी की बायका सतरंजीवर मावेनात. कंपनीचा माणूस पुढच्या खुर्चीत, पांढरा शर्ट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. ग्रामसेवकांनी ठराव वाचला: गायरान ओसाड, विनावापर, सबब कंपनीस देण्यास हरकत नाही. मी उठले आणि म्हटलं, यासोबत तहसिलीतला अर्जही वाचावा, भाऊ एकच आहेत, कागद दोन आहेत. ग्रामसेवकांनी विठ्ठलरावांकडे बघितलं. विठ्ठलरावांनी पंख्याकडे बघितलं. मग मीच वाचला. 'बागायती पिकं' म्हटल्यावर मागून कुणीतरी हसलं. ओसाड आहे का बागायत, एक काहीतरी ठरवा, मग आम्हाला हात वर करायला सांगा, एवढंच मी म्हटलं.

मग टीव्ही लावला. एक चैत्र, दुसरा चैत्र, तिसरा. मी फक्त बटण दाबत राहिले आणि चौकोन नाल्यावरून टेकडीवर चढत गेले. पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेव्हा सतरंजीवरच्या मंजुळाबाई, ज्यांना सभेत गेल्या दहा वर्षांत कुणी बोलताना ऐकलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "चालायलंय की हे." आणि सगळं गाव हसलं. शेत चालत नाही, मेंढरं चालतात, हे हिवरदरीला शिकवावं लागत नाही. मी पाचवा फोटो लावला, गायरानाचा तुकडा, आणि तो तसाच राहू दिला. वाळलेल्या मुलखात ती हिरवी गोधडी.  आपण ज्या माळावर रोज शेळ्या हाकलतो तो असा दिसतो, हे लोकांना पहिल्यांदाच कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला, मी कबूल करते, आणि मी सहसा असलं काही कबूल करत नाही.

पण विठ्ठलराव असे बसल्या जागी हरले असते तर ते विठ्ठलराव कसले. ते उठले.

"लेंडीनं असा चौकोन उठतो, हे कुनी डोळ्यानं बघितलंय? जानके, पुस्तकातलं सांगू नको. बघितलेला माणूस उभा कर."

आदिनाथ, माझा हात पिशवीत होता. कागदाची कड बोटाला लागत होती. तानाजी खांबामागे लपला होता. धुळाजी दाराशी उकिडवे बसले होते. त्यांच्या मेंढ्यांचा सौदा त्या एका प्रश्नावर अडकला होता, उत्तर त्यांच्या ओठावर होतं, आणि ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.  शब्द दिलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. त्यांच्यासमोर मला तो फोटो काढायची लाज वाटली.

मी हात बाहेर काढला. रिकामा.

"दादा," मी म्हटलं, आणि हा शब्द मी किती वर्षांनी वापरला ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, "या गावात कुणी तरी आपल्या रानात मेंढ्या बसवल्या असतील. ज्यानं बसवल्या त्यानं सांगावं. मी कुणाचं नाव घेणार न्हाई."

विठ्ठलरावांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे. मग दाराशी बसलेल्या धुळाजींकडे, आणि तिथे त्यांची नजर थांबली. मला माहीत आहे, मीही त्याच माणसाकडे बघत होते. त्यांना कळलं की त्या माणसाने अजूनही तोंड उघडलेलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"उठतो," ते म्हणाले. "माझ्या खालच्या रानात उठलाय. धुळाजीची मेंढरं बसली व्हती तिथं. मीच बसवली."

तानाजी खांबामागून बाहेर आला.

"अन् ते ओसाड खोडा," त्यांनी ग्रामसेवकांना सांगितलं.

यानंतर जे झालं ते फक्त विठ्ठलरावांनाच जमू शकतं. चहा येईपर्यंत ते उलट्या ठरावाचे पुढारी झाले होते. गायरान म्हणजे गावाचा प्राण, मेंढपाळ म्हणजे गावाचं भूषण, आणि परक्या कंपनीने आपल्या चराईकडे वाकड्या डोळ्याने बघू नये, असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. ज्या कंपनीच्या माणसाला त्यांनीच बोलावलं होतं, त्याची बाटली त्या मुठीने पडली. मी मध्ये बोलले नाही. निवडून आलेल्या माणसाला आपली चूक गावाची दूरदृष्टी म्हणून नोंदवता येते, हा त्याचा हक्कच आहे. गायरान चराईसाठी कायम, धुळाजी आणि भाऊबंदांच्या वहिवाटीची नोंद घ्यावी, आणि वाघर दरवर्षी कुठे लावायची ते त्यांनी ठरवावं. सगळे हात वर. शेवटी ग्रामसेवकांनी विचारलं, सूचक कोण, अनुमोदक कोण?

सूचक: विठ्ठलराव. अनुमोदक: धुळाजी.

मोहिनी, तुझ्या लग्नाची पत्रिका छापली नव्हती. दोन्ही व्याह्यांची नावं एका कागदावर यायला हा ठराव लागला. मी त्याची नक्कल मागून घेतली आहे, सोबत पाठवते. फ्रेम करायची असली तर करा.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव तहसिलीत जाऊन अर्ज मागे घेऊन आले. व्यापारी परत गेला. सोलरवाल्याला त्यांनी स्वतःचा खडकाळ माळ दाखवला म्हणे, भाड्याने. तिथे तुझ्या उपग्रहाला एकही हिरवा ठिपका सापडणार नाही याची हमी मीही देते.

काल संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "जानके, त्या उपग्रहाला हैदराबाद दिसतं का?" म्हटलं, दिसतं. "मग पोरीचं घर दाखव." पत्रं घालून घालून तुझा पत्ता मला पाठ झाला आहे. मी फोनवर नकाशा काढला, तुमची इमारत शोधली आणि ती मोठी करत नेली. गच्ची, पाण्याच्या टाक्या, शेजारी एक गुलमोहर असावा. ते चष्मा लावून बघत राहिले. "अजून जवळ येत न्हाई का?" म्हणाले. मी म्हटलं, न्हाई दादा, याच्या पुढं एसटीनं जावं लागतं.

तुमचे नंबर उघडायचे का बंद ठेवायचे, ते तुमचं तुम्ही बघा. मी मध्ये पडणार नाही. मला आता पत्रांची सवय झाली आहे.

एक गोष्ट राहिली. ज्याच्या रानात मेंढ्या बसतात, त्याने मेंढपाळाला धान्य द्यायचं आणि बसल्या रात्रींचं जेवण आपल्या चुलीवरचं पोचवायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. विठ्ठलरावांनी तेव्हा दोन्ही दिलं नव्हतं. दिलं असतं तर गावाला कळलं असतं. सभेनंतर त्यांनी ज्वारीचं पोतं ट्रॅक्टरवर घालून, चार माणसं बसवून, भर चौकातून धुळाजींच्या दारात नेलं. पूर्ण पोतं, रीत पायलीची असताना. जेवणाचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पुरुषांच्या लक्षात येत नाही, कारण ते त्यांना करावं लागत नाही.

परवा संध्याकाळी मी भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन वाघरीकडे गेले.  साखराबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं, माझ्याकडे बघितलं आणि मला बसायला घोंगडं टाकलं. काल परत गेले. जेवता जेवता त्यांनी सांगितलं की गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी, अंधारून आल्यावर, विठ्ठलराव स्वतः खालच्या शेताकडे आले होते. जाळ्याच्या अलीकडे उभे राहिले. मेंढ्या मोजल्यासारखं केलं आणि मग विचारलं, पोरगी कुणासारखी दिसती. साखराबाई म्हणाल्या, नाक तुमचं हाय. ते ऐकून तसेच निघून गेले. खतासाठी आले होते की नाकासाठी, हे तुझ्या उपग्रहाला दिसणार नाही आणि मीही विचारणार नाही.

तीन रात्री मेंढ्या बसल्या होत्या. आज तिसरी टोपली पोचवून आले. वरून वाटीभर तूप घातलं होतं.

तुमची,
जानकीआत्या